साठीनंतर उघडलेले गोदाम

मृगाचा पाऊस कोसळण्यापूर्वी घरात चार महिन्यांची बेगमी करून ठेवण्याची रीत पनवेल, उरण, अलिबाग या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तिला आगोट म्हणतात. तांदूळ, डाळी, मिरची-मसाला, मीठ, कोकम, सुकी मासळी आणि चुलीसाठी सुके सरपण असा सारा जिन्नस ज्येष्ठाच्या आरंभापर्यंत घरात येऊन पडे. आगोटीत काटकसर होती, पण त्याहून अधिक नाइलाज होता. पावसाळ्यात वाटा बंद होत आणि घरात खाणारी तोंडे दहा-पंधरा असत. पोतेभर तांदूळ कधी संपला, हेही कळत नसे.

त्याच पनवेलमध्ये आज निवृत्तीनंतर दोनच माणसे उरलेली घरे इमारतींच्या मजल्यामजल्यावर आढळतात. मुले नोकरीनिमित्त परदेशी गेलेली असतात. आईवडील सहा महिन्यांसाठी अमेरिकेला जातात, तेव्हा मुलगी किंवा सून त्यांना पहिल्याच शनिवारी एका अवाढव्य गोदामवजा दुकानात घेऊन जाते. छतापर्यंत रचलेल्या फळ्या, तांदळाची आठ-दहा किलोंची पोती, तेलाचे कॅन आणि दारात कार्ड तपासणारा माणूस. खरेदी करण्यासाठी आधी वर्षाची वर्गणी भरावी लागते, हे ऐकून पनवेलकर निवृत्त माणूस चक्रावतो. दुकानदाराने गिऱ्हाइकाला चहा पाजायचा, की गिऱ्हाइकाने दुकानदाराला प्रवेश फी द्यायची?

प्रश्न आता केवळ अमेरिकेचा राहिलेला नाही. घरपोच सामान देणाऱ्या ऑनलाइन दुकानांची वार्षिक सभासदत्वे भारतातल्या पेन्शनरांच्या मोबाईलवरही येऊन थडकली आहेत. ही वर्गणी वसूल होते का, याचे उत्तर शोधताना तिची प्रथा रूढ करणाऱ्या माणसाचे आयुष्य पाहणे उपयोगाचे ठरते. सोल प्राइस हे त्याचे नाव. किरकोळ व्यापारातील या क्रांतिकारक पुरुषाने आपले सर्वांत मोठे काम आरंभिले, ते आपल्याकडे माणसे सत्काराचा नारळ घेऊन घरी बसतात त्या वयात.

सोल प्राइस यांचा जन्म २३ जानेवारी १९१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. आईवडील रशियन साम्राज्यातून आलेले ज्यू निर्वासित. पुढे कुटुंब अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, पॅसिफिक किनाऱ्यावरील सॅन दिएगो शहरात आले. सोल यांनी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९३८ साली कायद्याची पदवी घेतली आणि त्याच वर्षी हेलन मॉस्कोविट्झ यांच्याशी विवाह केला. हा संसार २००८ मध्ये हेलन यांच्या निधनापर्यंत, सत्तर वर्षे टिकला. लग्नानंतरची दीड दशके त्यांनी सॅन दिएगोत वकिली केली. अशिले बहुतेक छोटे व्यापारी होते. त्यांची भाडेपट्टी, देणीघेणी, भागीदारीतील तंटे हाताळता हाताळता दुकानदारीचे सारे छक्केपंजे या वकिलाला ठाऊक झाले.

वकिलीने त्यांना आणखी एक गोष्ट दिली आणि पुढच्या सर्व इतिहासाचे मूळ तिच्यात आहे. वकील अशिलाकडून फी घेतो ती उघडपणे, आणि त्या बदल्यात अशिलाचे हित स्वतःच्या हिताच्या आधी पाहण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. दुकानदाराने गिऱ्हाइकाशी याच नात्याने का वागू नये, असा विचार प्राइस यांच्या मनात घर करून राहिला. विश्वस्ताची ही भूमिका त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

व्यापारात ते आले मात्र योगायोगाने. सासरकडून आलेले सॅन दिएगोतील एक गोदाम रिकामे पडून होते. त्याच सुमारास त्यांच्या ओळखीतील जवाहिऱ्यांचा माल लॉस एंजेलिसमधील फेडको नावाच्या दुकानात जोरात खपत होता. टपाल खात्यातील कर्मचाऱ्यांनी १९४८ साली काढलेले हे दुकान सरकारी नोकरांपुरते मर्यादित होते. सभासदांना तेथे स्वस्तात माल मिळे, आणि त्यासाठी सॅन दिएगोचे लोक दोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर मोटारीने कापून जात. फेडकोने आपल्या गोदामात शाखा काढावी, असा प्रस्ताव प्राइस यांनी मांडला. फेडकोने तो नाकारला. मग १९५४ साली त्यांनी स्वतःच फेडमार्ट उघडले. सरकारी नोकर असण्याची अट होती आणि कुटुंबामागे सभासद फी होती दोन डॉलर.

त्या काळी अमेरिकेतील अनेक राज्यांत उत्पादकाने ठरविलेल्या किमतीच्या खाली माल विकण्यास कायद्याने आडकाठी होती. आपल्याकडील छापील किंमत ही कमाल मर्यादा. तेथे ती किमान मर्यादा होती. म्हणजे कायद्याचे कवच दुकानदाराला होते, ग्राहकाला नव्हते. सभासदांपुरत्या बंद दारांच्या दुकानांची कल्पना या वातावरणात फोफावली. सरकारी नोकरांपुरते दुकान ही कल्पना भारतीय वाचकालाही परकी नाही. लष्कराच्या कॅन्टीनचे कार्ड असलेले माजी सैनिकाचे घर ओळखीत नाही, असा माणूस विरळा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६३ पासून केंद्रीय भांडारही आहे. फरक असा, की लष्करी कॅन्टीनमधील स्वस्ताई मुख्यतः करसवलतीतून येते, म्हणजे तिचा भार सरकार उचलते. फेडमार्टला असा कोणताच आधार नव्हता. तेथील स्वस्ताई दुकानदाराने स्वतःच्या नफ्याला लावलेल्या कात्रीतून यायची होती.

ती कात्री कशी चालविली, हे पाहण्याजोगे आहे. जाहिरातींवर प्राइस यांचा विश्वास नव्हता. नोकरांना मात्र ते बाजारापेक्षा चांगला पगार देत. मालाच्या निवडीत त्यांनी तर उफराटाच न्याय लावला. थ्री-इन-वन नावाचे यंत्रांना घालायचे तेल तेथे वेगवेगळ्या आकाराच्या डब्यांत मिळे. प्राइस यांनी फक्त मोठा डबा ठेवला. लहान डबा हवा असलेले काही गिऱ्हाईक परत जाणार, हे त्यांना मान्य होते. सगळ्या आकारांचे डबे मागविणे, मांडणे, मोजणे यांवरचा खर्च वाचला की एकाच डब्याची किंमत खाली आणता येते, हा त्यामागचा हिशेब होता. जाणूनबुजून थोडी विक्री गमावण्याचे हे तत्त्व व्यापारी जगात त्यांच्या नावाने ओळखले जाते. नेहमीच्या अमेरिकन सुपरमार्केटमध्ये तीस-तीस हजार वस्तू असताना सभासदांच्या गोदामांत साधारण चार हजारच का असतात, याचे उत्तर त्या तेलाच्या डब्यात आहे.

आणि निवृत्त माणसाची अडचणही त्याच डब्यात आहे. परत गेलेले गिऱ्हाईक कोण असेल? बहुधा दोन माणसांच्या घरातले. ज्याला लहान डबा पुरतो, त्याला गमावण्याची तयारी ठेवूनच हा धंदा उभा राहिला आहे. सभासदत्वाची जाहिरात वाचताना हा भाग नजरेआड होतो.

फेडमार्ट वाढले. दोन दशकांत त्याची दुकाने चाळीसच्या वर गेली. १९७५ मध्ये प्राइस यांनी कंपनीतील मोठा हिस्सा ह्यूगो मान या जर्मन व्यापाऱ्याला विकला. दोघांचे पटले नाही, आणि त्याच वर्षअखेरीस ज्याने कंपनी काढली त्यालाच बाहेरचा रस्ता दाखविण्यात आला. प्राइस तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होते. गाठीला पैसा होता, नाव होते. बागकाम करीत किंवा नातवंडांत रमत उरलेले आयुष्य घालविले असते, तरी कोणी बोट ठेवले नसते. (ज्यांनी त्यांना काढले, त्या फेडमार्टला १९८२ मध्ये टाळे लागले.)

मुलगा रॉबर्ट आणि काही जुने सहकारी यांच्यासह ते शहरातील छोट्या व्यावसायिकांना भेटत फिरले. खाणावळवाले, टपरीवाले, दुरुस्तीची कामे करणारे असे हे लोक दहा ठिकाणांहून थोडाथोडा माल चढ्या भावाने घेत होते. घाऊक व्यापारी त्यांना उभे करीत नसत, कारण त्यांची मागणी लहान. या लोकांसाठी घाऊक भावाचे एकच गोदाम काढावे, त्यांनी स्वतः यावे, रोख पैसे देऊन स्वतः माल न्यावा, अशी योजना ठरली. १२ जुलै १९७६ रोजी सॅन दिएगोतील मोरेना बुलेव्हार्ड या रस्त्यावर, पूर्वी उद्योगपती हॉवर्ड ह्यूज यांच्या विमान कंपनीकडे असलेल्या इमारतीत प्राइस क्लब सुरू झाला. वर्गणी होती वर्षाला पंचवीस डॉलर.

आरंभ निराशाजनक होता. पहिल्या वर्षी सुमारे साडेसात लाख डॉलर तोटा झाला. केवळ व्यावसायिकांच्या बळावर गोदाम चालणार नाही, हे स्पष्ट झाले, तेव्हा प्राइस यांनी सरकारी कर्मचारी, पतपेढ्यांचे सभासद अशा ठरावीक गटांतील सामान्य माणसांना दार उघडले. त्यांना वर्गणी माफ होती. त्याऐवजी फलकावरील भावावर पाच टक्के जास्त द्यावे लागत. येथून प्राइस क्लबचे नशीब पालटले.

या दोन दरांचा हिशेब कोणत्याही पेन्शनरने कागदावर मांडून पाहावा असा आहे. पाच टक्क्यांच्या हिशेबाने पंचवीस डॉलर होण्यासाठी वर्षाला पाचशे डॉलरची खरेदी व्हावी लागते. त्याहून अधिक घेणाऱ्याला वर्गणी परवडते, कमी घेणाऱ्याने पाच टक्के देऊन मोकळे व्हावे. दोन्ही दर एकाच छताखाली, उघडपणे मांडलेले होते. आपण कोणत्या बाजूला बसतो, हे गिऱ्हाईक स्वतःच ठरवू शके. आजच्या सभासदत्वांत हा दुसरा पर्याय बहुधा नसतो, आणि म्हणून हिशेब घरी बसून करावा लागतो.

समजा, एखाद्या दुकानाची वर्गणी वर्षाला हजार रुपये आहे आणि तेथे शेजारच्या वाण्यापेक्षा माल सरासरी पाच टक्क्यांनी स्वस्त मिळतो. वर्गणी भरून निघण्यासाठीच वीस हजारांची खरेदी लागेल. आकडा मोठा वाटत नाही. पण दूध, भाजी, मासळी, औषधे जवळच घेतली जातात, ती यातून वजा करावी लागतात. दोन माणसांच्या घरात रोज शंभर ग्रॅम डाळ लागते असे धरले, तर महिन्याला तीन किलो. दहा किलोंची पिशवी संपायला तीन महिन्यांहून अधिक काळ जातो. ती जूनमध्ये आणली तर आषाढ-श्रावणाची दमट हवा तिला गाठते आणि डाळीत पोरकिडे होतात. दहा टक्के वाचले म्हणून आणलेल्या पिशवीतील एक किलो फेकावी लागली, की वाचलेले दहा टक्के गेलेच. पंधरा किलोंचा तेलाचा डबा महिना दोन किलो वापरणाऱ्या घराला सात महिने पुरतो. तोवर तेल खवट होण्याची भीती. त्यात डॉक्टरांनी तेल, साखर, मीठ कमी करायला सांगितलेले असते. वय वाढते तसा स्वयंपाकघराचा खप घटत जातो आणि वर्गणी मात्र तेवढीच राहते. रिक्षाचे भाडे आणि जिन्यावरून पोती चढविणारे हात यांचा विचार वेगळाच.

याचा अर्थ वृद्धांना सभासदत्व कधीच परवडत नाही, असा नाही. अमेरिकेतील निवृत्त कुटुंबे या गोदामांकडे धान्यासाठी फारशी जात नाहीत. त्यांचा फायदा पेट्रोल, मोटारीचे टायर, चष्मे आणि विशेषतः श्रवणयंत्रे यांत असतो. श्रवणयंत्राच्या एका खरेदीत कित्येक वर्षांची वर्गणी निघून येऊ शकते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषधे तर तेथील बहुतेक गोदामांत सभासद नसलेल्यांनाही मिळतात, हे अनेकांना माहीत नसते. दोघांच्या घराला टिकाऊ वस्तूंमध्ये लाभ आहे, नाशवंतात नाही.

प्राइस क्लबचे यश पाहून अनुयायी पुढे आले. सॅम वॉल्टन यांनी १९८३ साली सॅम्स क्लब काढला आणि आपण सोल प्राइस यांच्या कल्पना मुक्तहस्ते उचलल्याची कबुली आत्मचरित्रात दिली. त्याच वर्षी सिएटलमध्ये जिम सिनेगल आणि जेफ ब्रॉटमन यांनी कॉस्टको सुरू केली. सिनेगल यांची कहाणी तर गुरुशिष्य परंपरेत शोभावी अशी. १९५४ मध्ये, अठरा वर्षांचे असताना ते फेडमार्टमध्ये गाद्या उतरविण्याच्या हंगामी कामावर लागले होते. व्यापाराचे सारे शिक्षण त्यांनी प्राइस यांच्या हाताखाली घेतले. १९९३ साली प्राइस क्लब आणि कॉस्टको यांचे एकत्रीकरण झाले. शिष्याच्या कंपनीत गुरूची कंपनी मिळाली.

कॉस्टकोची गोदामे आज जगभर नऊशेहून अधिक आहेत. १ सप्टेंबर २०२४ पासून अमेरिकेत तिची साधी वर्गणी ६५ डॉलर आणि वरच्या श्रेणीची १३० डॉलर झाली. वरच्या श्रेणीत खरेदीवर दोन टक्के परत मिळतात. म्हणजे जादा ६५ डॉलर निघण्यासाठीच वर्षाला ३,२५० डॉलरची खरेदी हवी. चार मुलांच्या घराला हे सहज जमते. निवृत्त जोडप्याने मात्र काउंटरवरील विनंतीला मान देण्यापूर्वी गेल्या वर्षीची बिले काढून पाहिलेली बरी. २०२४ या आर्थिक वर्षात कॉस्टकोला वर्गणीतून सुमारे ४.८ अब्ज डॉलर मिळाले आणि तिचा निव्वळ नफा होता सुमारे ७.४ अब्ज डॉलर. वकिलाच्या फीची कल्पना कोठवर पोचली, ते यावरून दिसते. मालावर अल्प नफा ठेवण्याचे बंधन कंपनी पाळते आहे, तोवर प्राइस यांचा करार शाबूत म्हणायचा. कोणत्याही दुकानाने वर्गणीही घ्यायची आणि मालावर पूर्ण नफाही घ्यायचा, असे आरंभिले, तर त्या वर्गणीला प्राइस यांच्या विचाराचा आधार उरत नाही. भारतातील सभासदत्वे तपासताना हीच कसोटी लावावी लागेल.

भारतात घाऊक गोदामांचा प्रयोग जर्मनीच्या मेट्रो कंपनीने २००३ मध्ये बंगळुरूत सुरू केला. पण त्याचे दार व्यावसायिकांनाच खुले होते, आणि २०२३ मध्ये हा व्यवसाय रिलायन्सकडे गेला. २००२ साली पवईत निघालेल्या डी-मार्टने स्वस्ताईची वाट धरली ती वर्गणीशिवाय. फुकट प्रवेश असलेले स्वस्त दुकान जवळ असेल, तर वर्गणीच्या दुकानाला पाच टक्क्यांची आघाडी मिळविणेही कठीण जाते.

महाराष्ट्राकडे स्वतःचा एक प्रयोग मात्र होता, आणि तो प्राइस क्लबपेक्षा एका वर्षाने जुना आहे. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायतीची स्थापना झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी एकत्र येऊन संघ करायचा, महिन्याच्या सामानाची मागणी एकत्रित नोंदवायची, पंचायतीने घाऊक खरेदी करून माल एका घरी पोचवायचा आणि सभासदांनी तो आपापसांत वाटून घ्यायचा. लहान डबा हवा असलेल्या ज्या गिऱ्हाइकाला प्राइस यांनी परत जाऊ दिले, त्याला येथे जागा होती. पोते मोठेच आले, तरी ते अनेक घरांत वाटले जाई. सॅन दिएगोचा वकील आणि मुंबई-पुण्याचे कार्यकर्ते यांना एकमेकांची खबर असण्याचे कारण नव्हते. प्रश्न मात्र दोघांनी एकाच काळात हाती घेतला होता.

सोल प्राइस यांनी दैनंदिन व्यापारातून अंग काढून घेतल्यावर उतारवयात आपले लक्ष सॅन दिएगोतील सिटी हाइट्स या गरीब, निर्वासितबहुल वस्तीकडे वळविले. वाचनालय, शाळा, पोलीस ठाणे, घरे यांच्या उभारणीत त्यांच्या कुटुंबाच्या धर्मादाय संस्थेने १९९० च्या दशकापासून पैसा आणि परिश्रम ओतले. १४ डिसेंबर २००९ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्या विद्यापीठातून ते वकील झाले, तेथील सार्वजनिक धोरण विषयाची शाखा २०११ पासून त्यांच्या नावाने ओळखली जाते.

मोरेना बुलेव्हार्डवरचे ते पहिले गोदाम आजही चालू आहे, पाटी कॉस्टकोची. मुलीकडे सॅन दिएगोला गेलेले पनवेलचे आईवडील तेथे तिच्याबरोबर जाऊ शकतात. एका सभासदाला दोन पाहुणे नेता येतात. पैसे मात्र कार्डधारकानेच चुकते करायचे, असा नियम आहे.